मृगाच्या पोटात शिरले आणि लॅपटॉप हँग झाला

मागच्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाने एक व्हिडिओ टाकला. वर कॅप्शन, "नासाचे यान थेट मृग नक्षत्राच्या पोटात शिरले!! दुर्मिळ दृश्य, सर्व ग्रुपवर पाठवा", आणि खाली हात जोडलेले चार इमोजी. पंधरा मिनिटांत आत्याचं "अद्भुत" आलं, कुणीतरी ॐ टाकला, आणि मग बाबांचा, जे एरवी ग्रुपवर फक्त वाढदिवसाला उगवतात, त्यांचा मेसेज आला, "यान वगैरे काही नाही. सगळं कम्प्युटरवर बनवलेलं आहे. आमची कन्या हेच करते."

हेच म्हणजे कंपोझिटिंग. मी मुंबईत जाहिरातींसाठी काम करते, म्हणजे कोरड्या ठणठणीत दिवशी शूट केलेल्या सीनमध्ये पाऊस घालायचा, शॅम्पूच्या बाटलीत दिसणारा कॅमेरामन पुसायचा, बिर्याणीवरची वाफ वाढवायची असली कामं. त्यामुळे बाबांच्या मेसेजनंतर सगळे माझ्याकडे बघायला लागले (म्हणजे मला टॅग करायला लागले), आणि मी "संध्याकाळी सांगते" असं लिहून पळ काढला, कारण खरं सांगायचं तर मलाही एका वाक्यात उत्तर येत नव्हतं. मामा चुकत होता हे नक्की, यान बिन काही गेलेलं नाही. पण बाबाही चुकत होते, किमान अर्धे तरी.

व्हिडिओ मी ओळखला होता. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये हबल दुर्बिणीचं काम चालतं ती स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या फ्रँक समर्स यांच्या टीमने कॅलटेकच्या लोकांबरोबर २०१८ च्या जानेवारीत मृगातल्या तेजोमेघाची (म्हणजे ताऱ्यांच्या उजेडाने चमकणाऱ्या वायूच्या ढगाची) ही तीनेक मिनिटांची सफर काढली. आधी आकाश, मग कॅमेरा खाली खाली जात एका ढगाच्या कडेवरून आत उतरतो, समोर उजेडाने भरलेली दरी, मध्ये चार ताऱ्यांचा झुबका, आणि मधेच सगळा रंग बदलतो, धूर पारदर्शक होतो आणि आधी न दिसणारे तारे फटाफट दिसायला लागतात. तो बदल म्हणजे हबलच्या साध्या प्रकाशातल्या फोटोवरून स्पिट्झर नावाच्या इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश टिपणाऱ्या, दुर्बिणीच्या फोटोवर जाणं. मी तो व्हिडिओ पहिल्यांदा ऑफिसात रात्री अकराला रेंडरची (कम्प्युटर शेवटचा व्हिडिओ तयार करतो त्याची) वाट बघत पाहिला होता आणि माझी पहिली प्रतिक्रिया अगदी धंदेवाईक होती, "ह्यांनी ही प्लेट कुठून आणली?"

कारण आमच्याकडे कुठल्याही शॉटला प्लेट लागते, म्हणजे खरं शूट केलेलं काहीतरी. आणि इथे प्लेट एकच, एकाच बाजूने काढलेली. हबल पृथ्वीभोवती फिरतं, पाचेकशे किलोमीटर वरून. मृगाचा तेजोमेघ साधारण १,३५० प्रकाशवर्षं लांब. आत्ता जो उजेड आपल्याला दिसतो तो निघाला तेव्हा बदामीला चालुक्य राज्य करत होते. एवढ्या अंतरावरच्या वस्तूला "जरा डावीकडून घेऊ एक" असं म्हणताच येत नाही.

बरं, मृग. माझ्या आजीला मृग म्हणजे जून. सात जूनच्या आसपास मृग लागला की पेरणीची गडबड, मृगाचे ते मखमली लाल किडे, पहिल्या पावसाचा वास. आकाशात तो दिसतो हे तिला माहीत होतं पण तिच्या लेखी ती वेगळीच गोष्ट होती, थंडीत अंगणात बसलं की वर "तिकांडं" दिसायचं, तीन तारे एका ओळीत, त्याच्यावरून रात्र किती झाली ते कळायचं. दोन्ही एकच हे मला फार उशिरा कळलं. जूनमध्ये सूर्यच त्या नक्षत्रात असतो म्हणून तर मृग लागला म्हणायचं, आणि म्हणूनच तेव्हा तो दिसत नाही. दिसायचा तो डिसेंबर-जानेवारीत. चार कोपऱ्यातले चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधलं तिकांडं म्हणजे व्याधाने मारलेला बाण, आणि त्या बाणाच्या खाली उभे तीन फिकट ठिपके. त्यातला मधला ठिपका नीट बघितला तर तारा वाटत नाही, थोडा पुसल्यासारखा दिसतो. तोच तेजोमेघ, खगोलशास्त्रज्ञांच्या यादीतला एम ४२.

दुर्बिणीतून मी तो पहिल्यांदा वांगणीला बघितला. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर आकाशदर्शनाला गेले होते, शेवटच्या लोकलने, स्वेटर कमी पडला, डास भरपूर. रांगेत वीस मिनिटं उभी राहून डोळा लावला आणि आत काय, तर काचेवर कुणीतरी हा करून वाफ सोडावी तसा राखाडी डाग. थोडा हिरवट, असं शेजारच्या दादाने सांगितल्यावर दिसला. मध्ये चार बारीक टाचण्या. मी "वॉव" म्हटलं कारण मागे रांग होती, पण मनात पार फुसका बार. कुठे ते पोस्टरवरचे गुलाबी-केशरी ढग आणि कुठे हे.

याचं कारण मला नंतर कळलं आणि ते मला पोस्टरपेक्षा जास्त भारी वाटतं. एक तर कमी उजेडात आपल्या डोळ्याचा रंग ओळखणारा भाग कामच करत नाही, दुसरा भाग काम करतो ज्याला रंग कळत नाहीत. तेवढ्या उजेडात डोळ्याला जे थोडंफार जाणवतं ते हिरवं, कारण तेजोमेघातला ऑक्सिजन हिरव्या रंगाच्या एका ठरावीक रेषेत चमकतो. या हिरव्या रेषेने शास्त्रज्ञांना चांगलंच गंडवलं होतं. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला, इंद्रधनुष्याऐवजी दोनतीन सुट्या रेषा दिसल्या, म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नसून वायू आहे हे कळलं, पण ती हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याची निघेना. मग लोकांनी नवं मूलद्रव्यच मानलं, नाव ठेवलं नेब्युलियम. साठेक वर्षं ते कोडं सुटलं नाही. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवलं की हा आपला साधा ऑक्सिजनच आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, आणि तो असा तेव्हाच चमकतो जेव्हा आजूबाजूला इतकं विरळ असतं की कुणी येऊन धडकत नाही. आपल्याकडच्या हवेत त्याला तेवढी उसंतच मिळत नाही.

किती विरळ? मृगाच्या तेजोमेघाच्या आत दर घन सेंटीमीटरला काही हजार कण. आपल्या खोलीतल्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर अठरा शून्यं. म्हणजे तो "ढग" बहुतेक लॅबमधल्या व्हॅक्यूमपेक्षाही रिकामा आहे, दिसतो एवढ्याचसाठी की तो कित्येक प्रकाशवर्षं जाड आहे.

आणि इथे मामाच्या यानाचा खरा प्रॉब्लेम येतो. समजा यान खरंच गेलं. जवळ गेल्यावर तरी ते पोस्टरसारखे रंग दिसतील ना? नाही दिसणार! हे मला पटायलाच दोन दिवस लागले. पसरलेल्या वस्तूच्या निम्म्या अंतरावर गेलात तर उजेड चौपट येतो, बरोबर, पण ती वस्तू दिसतेही चौपट मोठी, म्हणजे तो चौपट उजेड चौपट जागेत पसरतो, झगमगाट तेवढाच. वांगणीच्या दुर्बिणीतून दिसलेला राखाडी-हिरवट डागच सगळं आकाश भरून दिसेल, आणि अगदी मध्यात शिरलात तर कदाचित वाटेल की आज आकाश जरा मळकट आहे. खिडकीत बसून फोटो काढणारा अंतराळवीर तिथे निराश होऊन परत येईल. थोडक्यात त्या व्हिडिओतलं दृश्य बघायला आपण जिथे बसलोय त्याहून चांगली जागा कुठेच नाही, सोफ्यावरच बसायचं आणि दुर्बिणीला तासन् तास उजेड गोळा करू द्यायचा.

तसं पाहिलं तर डोळ्याची सद्दी कधीच संपलीय. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० ला न्यूयॉर्कजवळच्या आपल्या वेधशाळेतून याच तेजोमेघाचा पहिला फोटो काढला, ५१ मिनिटं एक्स्पोजर देऊन, आणि त्याच्या तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांच्या फोटोत असे तारे उमटले जे त्याच दुर्बिणीला डोळा लावून दिसत नव्हते. म्हणजे "पण खरं कसं दिसतं?" हा प्रश्न तेव्हापासूनच लंगडा झालाय.

लोक मात्र अजून रंगावरून भांडतात. कुठल्याही तेजोमेघाच्या फोटोखाली बघा, "रंग खोटे आहेत" म्हणणारा एक काका असतोच. रंगाचं मी पटकन सांगते कारण ते मला फार महत्त्वाचं वाटत नाही. हबलचा कॅमेरा काळा-पांढरा आहे. समोर फिल्टर लावून तो एकेका रंगछटेचे वेगवेगळे फोटो काढतो आणि मग खाली बसलेली माणसं त्यांना लाल-हिरवा-निळा वाटून देतात. १९९५ च्या एप्रिलमध्ये जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी गरुड तेजोमेघातल्या वायू आणि धुळीच्या त्या प्रसिद्ध खांबांचा फोटो काढला, त्यात गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा असं ठरवलं. खरं तर हायड्रोजन आणि गंधक दोघंही लालच चमकतात, तसंच ठेवलं असतं तर सगळी लाल पावभाजी झाली असती, कुठे काय आहे ते कळलंच नसतं. जेम्स वेब या नव्या दुर्बिणीचं तर जवळपास सगळंच इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारं, तिथे सगळ्यात लांब तरंग लाल आणि सगळ्यात आखूड निळा असा क्रम लावतात. याला खोटं म्हणायचं तर रेल्वेच्या नकाशात सेंट्रल आणि वेस्टर्नला दिलेले रंगही खोटेच. जाता जाता, त्या खांबांच्या जुन्या फोटोचा वरचा उजवा कोपरा पायऱ्यांसारखा कापलेला का असतो ते माहितीये? त्या कॅमेऱ्यात चार चिप होत्या, त्यातली एक जास्त बारकाईने बघायची, तिचा भाग बाकीच्यांच्या मापात बसवायला लहान केला की कोपरा रिकामा राहतो. मला तो पायऱ्यांचा कोपरा फार आवडतो, कुणी भरून काढला नाही म्हणून.

तर रंग नाही. माझं म्हणणं असं की भांडायचंच असेल तर खोलीवरून भांडा. फोटो चपटा आहे. व्हिडिओत खोली आहे. ती आली कुठून?

हे कळायला मी तेच केलं जे माझ्या धंद्यातली कुणीही करेल, स्वतः बनवायला बसले. ग्रुपवर "संध्याकाळी सांगते" म्हटलेलं त्याला आता तीन आठवडे होत आले. हबलचे फोटो फुकट मिळतात, कुणालाही. २००६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेला मृगाच्या तेजोमेघाचा मोझेक मी उतरवला. हबलने १०५ फेऱ्या मारून काढलेले ५२० फोटो जोडलेत, त्यात तीन हजारांवर तारे आहेत, आणि सगळ्यात मोठी फाइल १८,००० बाय १८,००० पिक्सेल. मी मोठ्या रुबाबात तीच उघडली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण प्रतीत एवढा एक लेयर पाच जीबीच्या वर जागा खातो. माझा लॅपटॉप सोळा जीबीचा. तिसरा लेयर टाकला आणि पंखा असा ओरडला की आई आतून म्हणाली मिक्सर बंद कर. मग गुपचूप एक चतुर्थांश साइज घेतली.

पहिला प्रयत्न एकदम शाळकरी. उजळ ते जवळ, काळं ते लांब, असं धरून फोटोलाच उंच-सखल केलं, क्लिकवर होतं ते. रिझल्ट म्हणजे वाळत घातलेला पापड, आणि त्यातून प्रत्येक तारा खिळ्यासारखा वर आलेला. खिळ्यांच्या पापडावरून कॅमेरा फिरवला. नवऱ्याने बघितलं आणि म्हणाला फकिराची गादी आहे का.

मग तारे काढले. त्यासाठी हल्ली फुकट टूल मिळतात, एका बटणात सगळे तारे पुसून मागे नुसता धूर ठेवतात, आणि जिथे तारा होता तिथे अंदाजाने धूर भरतात (हा पहिला अंदाज, मोजत राहा). तारे वेगळ्या लेयरवर, ते पुढे-मागे पसरून ठेवायचे. पण कुठला पुढे? गाया नावाच्या युरोपियन दुर्बिणीने करोडो ताऱ्यांची अंतरं मोजलीत, म्हटलं वा, काम झालं. तर या अंतरावर चांगल्यातल्या चांगल्या ताऱ्याचं मापही साधारण टक्काभर इकडेतिकडे असतं. टक्का म्हणजे किती, १,३५० चा टक्का, तेरा-चौदा प्रकाशवर्षं! अख्खा तेजोमेघ साधारण चोवीस प्रकाशवर्षं रुंद. म्हणजे मुंबईतल्या कुणाचा पत्ता "दादर किंवा बोरिवली" असा. म्हणून मग ताऱ्यांची जागा अंदाजानेच (दुसरा अंदाज), गर्दी कुठे किती असायला हवी ते बघून.

आणि धूर? धुराला तर गायासुद्धा नाही. इथे मी अडकले, आणि इथेच मला ती माहिती सापडली ज्यासाठी हा सगळा पोस्ट लिहितेय.

१९९५ मध्ये झेंग वेन आणि रॉबर्ट ओडेल या दोघा खगोलशास्त्रज्ञांनी मृगाच्या तेजोमेघाचा पृष्ठभाग मोजून काढला. कसा, ते ऐका. मध्ये जो चार ताऱ्यांचा झुबका आहे त्यातला एकच तारा बाकीच्यांवर भारी पडतो, तेजोमेघ चमकतो तो मुख्यतः त्याच्याच अतिनील उजेडाने. त्याच्या मागे गार, काळ्या वायूची प्रचंड भिंत आहे. तारा त्या भिंतीला उजेडाने खणत चाललाय, आणि जो पृष्ठभाग खणला जातोय तोच चमकतो. आता एका दिव्याने भिंत उजळतेय तर भिंतीचा जो भाग दिव्याजवळ तो जास्त उजळ, लांबचा तो अंधुक. दिवा किती पॉवरचा ते माहितीये. मग प्रत्येक ठिकाणची चमक मोजा आणि उलटं गणित करा की तिथली भिंत दिव्यापासून किती लांब असली पाहिजे. झालं, भिंतीचा आकार हातात. ताऱ्याच्या थेट मागे ती एका प्रकाशवर्षापेक्षाही जवळ आहे, आणि कडेला वर उचलत आपल्याकडे येते. म्हणजे तेजोमेघ हा गोळा नाहीच, आपल्याकडे तोंड करून ठेवलेली परात आहे. चमकणारा वायू भिंतीवरून उठून आपल्याकडे वाहतोय, सेकंदाला दहाएक किलोमीटर वेगाने, हे त्याच्या प्रकाशाच्या रेषा किती सरकल्यात त्यावरून वेगळं मोजलंय, आणि ते या परातीशी जुळतं.

म्हणजे माझा पापडसुद्धा उजळपणावरूनच केला होता! फरक एवढाच की मी उजळ म्हणजे आपल्याजवळ धरलं, आणि त्यांनी उजळ म्हणजे दिव्याजवळ धरलं. एका शब्दाचा फरक आणि अख्खा डोंगर उलटा होऊन दरी झाली. मी रात्री दीडला खुर्चीतून उठून उभी राहिले, शप्पथ.

याच मॉडेलवरून सॅन डिएगोच्या सुपरकम्प्युटर सेंटरने २००० साली न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणासाठी मृगाची सफर बनवली होती, आणि समर्स यांच्या टीमची २०१८ ची दरी त्याच कल्पनेची पुढची आवृत्ती. म्हणून म्हटलं बाबा अर्धेच बरोबर. कम्प्युटरवर बनवलंय, हो, पण बिर्याणीची वाफ जशी मला वाटेल तशी वळवते तसं नाही.

तरी थापा आहेतच. मोठी थाप वेगाची. त्या सफरीत कॅमेरा दहा प्रकाशवर्षं जरी गेला असं धरलं, आणि तीन मिनिटांत, तर तो प्रकाशाच्या साडेसतरा लाख पट वेगाने गेला. दुसरी थाप अंतरांची. २०१५ मध्ये हबलच्या पंचविसाव्या वाढदिवसाला वेस्टरलुंड २ नावाच्या ताऱ्यांच्या पुंजक्यापर्यंतची अशीच सफर आली होती, तिच्याबरोबर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की मॉडेलमधली अंतरं बरीच दाबून जवळ आणलीत. आणायलाच लागतात, खरी अंतरं ठेवली तर दोन तारे एका फ्रेममध्ये यायचे नाहीत, मुख्यतः काळा पडदाच बघत बसाल. मला त्या टीपेचं कौतुक वाटतं. आमच्या जाहिरातीत "चित्रण केवळ सर्जनशील उद्देशाने" असं जे दोन पिक्सेलच्या अक्षरात येतं त्यापेक्षा बरंच बरं. अर्थात फॉरवर्ड होताना टीप गळते आणि यान उरतं.

खांबांची गोष्ट तर अजून मजेदार. १९९५ पासून जग ते तीन खांब हाताच्या बोटांसारखे शेजारी शेजारी उभे समजत होतं. २०१५ मध्ये अ‍ॅना मॅकलिओड यांच्या गटाने चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या म्यूज या उपकरणाने फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट (प्रकाशाच्या त्याच सुट्या रेषा) घेतला, म्हणजे रेषा किती सरकल्यात त्यावरून प्रत्येक ठिपका आपल्याकडे येतोय की लांब जातोय ते कळलं. तर कळलं की डावा सगळ्यात उंच खांब एक खांबच नाही, दोन तुकडे आहेत, वरचा तुकडा त्या भागातल्या तापलेल्या ताऱ्यांच्या मागे आहे आणि त्याचं टोक आपल्याकडे वळलेलं, म्हणून तो जास्त उजळ. बाकीचे ताऱ्यांच्या अलीकडे, टोकं पलीकडे वळलेली. फोटोत एकमेकांवर आले म्हणून जोडलेले दिसले, गर्दीच्या फोटोत मागच्याचा हात पुढच्याच्या खांद्यातून निघतो ना, तसं. आणि ते खांब वाहूनही चाललेत, याच गटाचा हिशोब असा की अजून साधारण तीस लाख वर्षं टिकतील. २०२४ च्या जूनमध्ये समर्स यांच्या टीमने याच मापांवरून खांबांमधून जाणारा व्हिडिओ काढला, तो हबलवरून वेबवर, वेबवरून हबलवर हळूच बदलत राहतो, हबलमध्ये खांब घट्ट तपकिरी दगडासारखे आणि वेबमध्ये तेच खांब मागून दिवा लावलेल्या गुळाच्या पाकासारखे. एकदा तो बघा आणि मग १९९५ चा फोटो परत बघा. डोळा ते तुकडे वेगळे करायला लागतो, मला तरी आता एकसंध खांब दिसतच नाही.

असो. तर माझी सफर. चाळीस सेकंद, परातीचा आकार, तारे अंदाजाने, धूर सात लेयर. दिवाळीनंतर चार दिवस सांगलीला गेले तेव्हा बाबांना दाखवली. बाबांचं इथे सांगायला हवं, नोकरी वेगळी होती पण सगळी उमेद हौशी नाटकांचं नेपथ्य करण्यात गेली. सांगलीत नाटकाचं वेड नवं नाही, विष्णुदास भावे इथलेच, १८४३ मध्ये त्यांनी पहिलं नाटक केलं ते इथेच. आमच्या माळ्यावर अजून एका किल्ल्याचा अर्धा बुरूज पडून आहे, मागून गोणपाट.

त्यांनी चष्मा लावून दोनदा बघितलं. रंगाचं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "आत जाऊन मागे वळ की."

"म्हणजे?"

"कॅमेरा मागे वळव. आतून बाहेर कसं दिसतं?"

आतून बाहेर काहीच नव्हतं. मी बनवलंच नव्हतं. एकाच बाजूने काढलेल्या फोटोवरून परातीची आतली बाजू मिळते, तिची पाठ कुणी बघितलेली नाही, हबलने नाही, वेबने नाही, समर्स यांचा कॅमेराही सांभाळून फिरतो, दाखवायचं तेवढंच दाखवतो. मी तरी कॅमेरा वळवला. पुढच्या धुराचे लेयर कागदासारखे हवेत लटकलेले दिसले, त्यांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या, मधून भगदाडं. मग अजून मागे नेऊन परात पाठीमागून दाखवली, तर नुसती जाळी, राखाडी, पोकळ.

बाबा एकदम खूश. पुढे वाकून स्क्रीनला नाक लावून बघायला लागले, आता हे काय, आणि ते कशावर उभं आहे, आणि ही जाळी किती पट्ट्यांची. मी वेन-ओडेलचं दिव्याचं गणित सांगितलं, दिवा माहीत असला की भिंतीच्या उजेडावरून अंतर. त्यांना ते अर्ध्या वाक्यात कळलं. "अरे, फ्लडलाइट," म्हणाले, "मागचा पडदा किती लांब टांगायचा ते आम्ही असंच बघायचो," आणि मग कुठल्याशा स्पर्धेत लाइट जवळ ठेवल्यामुळे आभाळाचा पडदा कसा मधोमध पांढरा पडला होता ती गोष्ट, जी मी किमान वीस वेळा ऐकलीय, ती परत.

आई जेवायला हाक मारत होती. उठता उठता त्यांनी परत सुरुवातीचा शॉट लावायला लावला, डावीकडे बोट ठेवून थांबवला आणि म्हणाले, "ही कड दिसतीय बघ. इथं काळं कापड लाव."

खरंच दिसत होती. तीन आठवडे मला दिसली नव्हती. मृगाच्या त्या बाजूला खऱ्या फोटोतही काळ्या धुळीचा एक पट्टा आत घुसलेला आहेच, तोच थोडा पुढे ओढून कडेवर घेतला आणि रात्री रेंडर लावला. नऊ तास दाखवतोय. ग्रुपवर मामाने विचारलंय, "काय गं, सांगणार होतीस ना?"